ओठांतल्या टाचण्या

एखाद्याचं गुपित आपल्यापाशीच राहील हे सांगायला इंग्रजीत 'माझे ओठ सीलबंद आहेत' असं म्हणतात. कॉलेजात हे शिकवलं तेव्हा मला आई आठवली.

आई ब्लाउज शिवते. फिटिंग बघताना तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असतात. तिला बोलता येत नाही म्हणूनच की काय, बायका तिला सगळं सांगून टाकतात. सासूचं, नवऱ्याचं, मुलीच्या मोडलेल्या लग्नाचं. "वहिनी, कुठं बोलू नका हं," म्हणतात आणि स्वतःच हसतात, "तुम्ही काय बोलणार म्हणा, तोंडात टाचण्या." आई नुसती मान हलवते. संध्याकाळी तिचा चेहरा उतरलेला असतो. तो शिवणामुळे की ऐकण्यामुळे, मला नक्की सांगता येणार नाही.

काल ती एकटीच दवाखान्यात जाऊन आली. मी चहा पुढे केला आणि विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"तुझी परीक्षा कधी संपते गं?"

"पुढच्या आठवड्यात. पण डॉक्टर काय म्हणाले?"

तिने चहा बाजूला ठेवला. मशीनवर कापड नव्हतं, समोर कुणी बाई उभी नव्हती. तरी तिने डबी उघडली आणि एकेक टाचणी ओठांत धरू लागली.