गुंडू चौगलेचं लेडीज पार्लर

आमच्या मुरगुडात गुंडू चौगले कोण, हे कुणालाही विचारा. म्हशी भादरणारा गुंडू म्हटलं की माणसं थेट घरापर्यंत आणून सोडतात. म्हशीच्या अंगावरचे केस मशीननं काढायचे, तिला खसाखसा धुवायची आणि तेल चोळून आरशासारखी चकचकीत करायची, हा त्याचा धंदा. केस वाढले की म्हशीला उवा होतात, गोचीड लागतात, उन्हाळ्यात ती तगमग करते. म्हणून भादरावीच लागते. दिवाळीच्या आधी तर गुंडूला जेवायला सवड नसते, कारण पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून मिरवायच्या असतात, आणि केसाळ म्हैस घेऊन मिरवणुकीत जाणं म्हणजे दाढी न करता लग्नाला उभं राहणं.

खरं तर गुंडूला माणसांचे केस कापायचे होते. बारावी झाल्यावर तो कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका एसी सलूनमध्ये कामाला लागला. पण माणूस गिऱ्हाईक म्हणून त्याला झेपेना. माणूस मान हलवतो, मोबाईल बघतो, आरशात बघून तोंड वाकडं करतो. शिवाय गुंडूचा हात पडला सरळ. डोक्यावर मशीन धरली की तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रस्ता पाडल्यासारखा जायचा. "आरं, डोकं गोल असतंय!" असं मालक दिवसातून कितीदा तरी ओरडायचा. शेवटी कंटाळून त्यानं एक जुनी मशीन गुंडूच्या हातात दिली आणि म्हणाला, "गावाकडं जा बाबा. तिथं काहीतरी लांबरुंद बघ."

घरी आल्यावर लांबरुंद असं काय, तर गोठ्यातली म्हैस. गुंडूनं ती भादरली. म्हैस अशी डोळे मिटून उभी राहिली की गुंडूच्या आईला, चिमणाबाईला, वाटलं ही आजारी पडली. बघायला शेजारी आले, त्यांनी आपल्या म्हशी आणल्या, आणि धंदा लागला.

काम सोपं नाही. लाथ कधी बसेल सांगता येत नाही. शेणात भिजलेली शेपटी तोंडावर बसते ती नेमकं तोंड उघडं असताना. मध्येच वीज गेली की म्हैस अर्धी काळी अर्धी भुरी होऊन घरी जाते आणि मालक रस्ताभर माणसांना खुलासा देत सुटतो. अंगाचा वास तीन साबण लावूनही हटत नाही. पण गुंडू खूश होता. गिऱ्हाईक उलटून बोलत नव्हतं.

अडलं ते लग्नापाशी. मुलगा काय करतो, असं विचारलं की चिमणाबाई खरं सांगायची, आणि पावणं चहा अर्धा ठेवून उठायचे. शेवटी गुंडूच्या मामानं, आकारामनं, सूत्रं हातात घेतली. शाहूवाडीकडचं एक स्थळ त्यानं काढलं आणि तिथं निरोप धाडला, 'पोराचं पार्लर हाय. लेडीज पार्लर.'

"मामा, हे खोटं झालं की," गुंडू म्हणाला.

"खोटं कसं? म्हशी काय जेन्ट्स असत्यात?"

असे ते दोघे मोटारसायकलवरून शाहूवाडीकडच्या त्या वाडीला पोचले. मुलीचे वडील अप्पा गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. भरघोस केस, भरघोस मिशा. आई बायडाबाई. अप्पांचे वडील आबा सकाळीच वैरणीला शेतात गेले होते. वय नव्वदीच्या पुढं, कानानं ऐकू येत नाही, पण घरात बसवत नाही. मुलगी भैरवी, गावच्या दूध संकलन केंद्रावर दुधाची फॅट तपासायच्या कामाला.

पोहे आले. भैरवीनं बशी पुढं केली, गुंडूकडं एकदा नीट बघितलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

"मग पावणं," अप्पांनी सुरुवात केली, "पार्लरला गर्दी असती?"

"उन्हाळ्यात लई," गुंडू म्हणाला. त्याला कामाबद्दल बोलायला आवडायचं. "वासानं तर उभं राहवत न्हाय."

"सेंटचा!" मामा ओरडला. "सेंटचा वास. भारीतलं सेंट."

बायडाबाई पुढं सरकल्या. त्यांना विषय जवळचा वाटला. "एका बाईला किती वेळ लागतो वो?"

"गरीब असली तर पटकन हुती. मारकी असली तर मागचं पाय बांधायला लागत्यात."

बायडाबाईंनी आपले पाय हळूच लुगड्याखाली घेतले.

"पेडिक्युअर," मामा घाम पुसत म्हणाला. "पायाचं असतंय ते. हलू नये म्हणून बांधत्यात. फॉरेनची पद्धत हाय."

"आणि गिऱ्हाईक जवळपासचंच?" अप्पांनी विचारलं.

"न्हाय न्हाय. कागल, गडहिंग्लज, पार कर्नाटकातनं येतंय. लांबचं असलं तर टेम्पोत घालून आणत्यात."

"भिशीच्या बायका," मामा म्हणाला. "ग्रुपनं येत्यात."

दाराशी भैरवीनं तोंडात पदराचा बोळा घातला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. आपली मुलगी लाजते आहे असं वाटून अप्पा सुखावले. त्याच भरात ते म्हणाले, "पावणं, उद्या आमच्या संस्थेची सभा हाय. मला स्टेजवर बसायचं हाय. बायकांचं एवढं करतासा तर माझे केस तेवढे बारीक करा. हात तरी बघू तुमचा."

मामानं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण गुंडू मशीन आणायला मोटारसायकलच्या पिशवीकडं पोचलासुद्धा. त्याला वाटलं, आपण शाहूपुरीत शिकलोय, जमेल.

अंगणात खुर्ची टाकली. वायर खिडकीतून बाहेर घेतली. अप्पा ऐटीत बसले. गुंडू मागं उभा राहिला, आणि मशीनची घरघर सुरू होताच त्याच्या हातानं जे रोज करायचं ते सुरू केलं. त्यानं अप्पांच्या मानेवर दोन थापा मारल्या, कान धरला आणि म्हणाला, "थांब गं. थांब, माझी बाय ती."

"कुणाला म्हणतासा?" अप्पांनी विचारलं.

"मशीनला," मामा म्हणाला.

म्हशीचं अंग म्हणजे मोकळं माळरान. एकदा मशीन लावली की ती थांबवायची शिंगापाशी. अप्पांना शिंगं नव्हती. मानेपासून निघालेली मशीन डोक्यावरून सरळ कपाळावर उतरली तेव्हाच थांबली. अप्पांच्या डोक्याच्या मधोमध पांढराशुभ्र रस्ता तयार झाला. अप्पांनी हात लावून बघितला, "आरं, काय केलंस रं!" म्हणून झटक्यात वळले, आणि त्या वळण्यात उजवी मिशी गेली.

आता काय उरलं होतं? डावी एकटी ठेवून उपयोग नव्हता. कडेचे केस ठेवले तर आणखी वाईट दिसत होतं. गुंडूनं सगळं साफ केलं. अंगावर केस चिकटले म्हणून अप्पांनी तिथंच दोन बादल्या पाणी ओतून घेतलं आणि ओल्या अंगानं, खांद्यावर पंचा टाकून, तोंड पाडून पायरीवर बसले.

नेमकं त्याच वेळी शेजारच्या बाळाबाईनं भिंतीवरून डोकावलं. डोकं सफाचट, मिशा नाहीत, ओलं अंग, उतरलेला चेहरा, आणि दारात परगावचे दोन पावणं. मागच्याच आठवड्यात आबांना खोकला झाला होता.

"अगं बाई बाई! आबा गेलं की वो!" बाळाबाईनं अशी आरोळी ठोकली की निम्मी वाडी उठली.

अप्पा "न्हाय, न्हाय" म्हणत होते, पण बापाच्या दुःखात माणूस न्हाय न्हाय म्हणणारच, असं सगळ्यांनी धरलं. बघता बघता अंगण भरलं. बायका गळ्यात पडून रडायला लागल्या. बायडाबाईंना आधी काही कळेना, पण एवढ्या बायका रडताना आपण कोरडं राहणं बरं दिसेना म्हणून त्याही रडल्या. कुणीतरी पिठलं-भाकरी घेऊन आलं. मामा परसातल्या संडासात जाऊन आतून कडी लावून बसला.

तेवढ्यात डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन खुद्द आबा आले. दारात गर्दी बघून त्यांनी भारा खाली टाकला, पटका काढला, आणि शेवटच्या रांगेत बसून त्याच्या शेवानं डोळे पुसायला लागले.

"लई चांगला माणूस हुता," आबा शेजारच्याला म्हणाले.

शेजारच्यानं मान डोलावली. मग त्यानं वळून बघितलं, आणि तो बसल्या जागेवरून उडाला.

"आबा," तो कसाबसा ओरडला, "कोण गेलंय?"

"ते काय म्हाईत न्हाय," आबा म्हणाले, "पण एवढी माणसं आल्यात म्हंजे चांगलाच असणार की."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. बाळाबाई म्हणाली मी गेलं म्हटलंच नव्हतं, शेतात गेलं म्हटलं होतं. भाकरीवाला भाकरी परत न्यावी की नाही या विचारात उभा राहिला. आणि गर्दीतला एक जण गुंडूकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्यो तर मुरगूडचा गुंडू! माझ्या सासरवाडीची म्हैस ह्यानंच भादरलीया."

अप्पा उठले. ओल्या पंच्यासकट गुंडूपुढं येऊन उभे राहिले. "म्हशी भादरतोस?"

गुंडूचा चेहरा पार उतरला होता. पळून जावं असं त्याला वाटत होतं, पण मोटारसायकलची किल्ली मामाच्या खिशात होती आणि मामा कडी लावून आत. "व्हय," तो म्हणाला. "म्हशीच भादरतो. खोटं बोलायला नगं हुतं. चुकलं माझं."

"म्हंजे मला म्हैस समजून..."

"अप्पा," दाराशी उभी असलेली भैरवी आता पुढं आली. हसून हसून तिचे डोळे लाल झाले होते. "मला पोहे देतानाच कळलंय. त्यांच्या कॉलरवर म्हशीचे केस हायत. सकाळ-संध्याकाळ डेअरीत मी त्याच माणसांत असते की."

"मग सांगायचं न्हाईस?"

"सांगणार हुते. पण ते पाय बांधायचं ऐकलं आणि म्हटलं, पुढं ऐकू."

भैरवीचंही काम काही फुलांचं नव्हतं. फॅट कमी लागली की गावातला प्रत्येक माणूस मशीनला सोडून तिला शिव्या द्यायचा, आणि पाणी घातलेलं दूध पुढं करून वर आमच्या म्हशीचा अपमान झाला म्हणायचा. तिला सरळ 'चुकलं' म्हणणारा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला होता. ती गुंडूला म्हणाली, "आमची शेवंती हाय गोठ्यात. तिचं करून दावा बघू."

शेवंती म्हणजे वाडीतली नावाजलेली लाथाडी. ती फक्त बायडाबाईंना जवळ येऊ द्यायची. दुखवट्याला जमलेलं सगळं मंडळ उठून गोठ्यापाशी आलं. गुंडूनं तिच्या मानेवर दोन थापा मारल्या, कान धरला, "थांब गं, माझी बाय," म्हणाला, आणि मशीन चालू केली. शेवंती एकदा फुरफुरली आणि मग रवंथ करत उभी राहिली. मशीन मानेपासून माकडहाडापर्यंत अशी गेली की एक केस इकडचा तिकडं झाला नाही. मग धुणं झालं, तेल झालं. उन्हात शेवंती अशी लखलखायला लागली की बायडाबाईंनी तिची दृष्ट काढली.

अप्पांनी शेवंतीकडं बघत आपल्या डोक्यावरून हात फिरवला. "माझ्यापरीस ती बरी दिसाय लागली की रं," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. मग सगळं अंगण हसलं, आणि आलेली पिठलं-भाकरी सगळ्यांनी मिळून तिथंच खाल्ली. आबा गुंडूच्या मागं लागले, "माझंबी कर की."

"आबा, नगं," भैरवी त्यांच्या कानात ओरडली. "आता तुमचं केलं तर अप्पा गेलं म्हणतील."

दुसऱ्या दिवशी सभेला अप्पा फेटा बांधून गेले. मामाला आदल्या संध्याकाळीच संडासातून बाहेर काढलं होतं.

लग्न झालं. भैरवीनं एकच अट घातली होती: कुणी विचारलं तर खरं सांगायचं, मोठ्यानं सांगायचं. आता फोन तीच घेते. "म्हैस मारकी हाय का गरीब? खरं सांगा, न्हायतर येणार न्हाय," असं ती पलीकडच्याला दरडावते, आणि माणसं खरं सांगतात. वीज जाते म्हणून तिनं बॅटरीवरची मशीन घ्यायला लावली. मशीन गुंडू धरतो, शेपटी ती धरते.

गेल्या पाडव्याला दोघं कोल्हापुरात मिरवणूक बघायला गेले होते. एका गवळ्याची म्हैस त्यांनी आदल्या दिवशी तयार केली होती. शिंगं रंगवलेली, मोरपिसं बांधलेली, पायात घुंगरू. आमच्याकडं मालक मोटारसायकल फाडफाड वाजवत पुढं सुटतो आणि म्हैस त्याच्या आवाजामागं पळते, ती शर्यत असते. मालक सुटला, म्हैस सुटली. भैरवीला राहवलं नाही. "ती बघा आमची!" असं ती गर्दीतून ओरडली. गुंडूनंही सवयीनं हाक घातली, "थांब गं, माझी बाय ती!"

म्हैस थांबली. कान टवकारले, वळली, गर्दी फोडत थेट गुंडूपाशी आली आणि मान खाजवून घ्यायला उभी राहिली.

मालक पुढं गेला तो गेलाच. हात उंचावत, माणसांकडं बघून हसत तो एकटाच शेवटपर्यंत पोचला, आणि तिथं मागं वळून बघतो तर रस्ता मोकळा. गुंडू आणि भैरवी म्हशीला कासऱ्यानं धरून सावकाश चालत त्याच्याकडं निघाले. वाटेत एका म्हातारीनं तिला पोळी चारली, एका पोरीनं तिच्याबरोबर फोटो काढला. तिकडून मालकाच्या शिव्या ऐकू यायला लागल्या होत्या, पण म्हशीला काही घाई नव्हती.