तिठ्यावरची कोंबडी

रक्त समजून मी कोंबडीच्या डोक्यावरचं कुंकू पुसत बसलो होतो, आणि तेही औषधाच्या बोळ्यानं. पुसावं तितकं लाल पसरत होतं आणि मी कळवळून ओरडत होतो, "बिचारीचं डोकं फुटलंय गं!"

बायको आली, वाकली, बोटाला लागलेलं लाल तिनं उजेडात धरलं. "अवो, हे रक्त नाय, कुंकू हाय. कुठं मिळाली ही?"

"निडी गावाच्या पुढं, तिठ्यावर. एक पाय फरफटत होती."

"बाजूला भात होता?"

"होता. कुणाचा तरी डबा सांडला असणार."

"नि लिंबू?"

लिंबूही होतं. डब्यात लिंबाची फोड असतेच, असा मी विचार केला होता. अख्खं लिंबू डब्यात कोण नेतं, हा विचार मात्र केला नव्हता.

आमच्याकडे घरात कुणी आजारी पडलं की त्याच्यावरून कोंबडी ओवाळून तिठ्यावर सोडतात. दुखणं तिच्याबरोबर गेलं म्हणायचं. अशा उताऱ्याला कुणी हात लावत नाही. मी इथलाच, जन्मभर असे उतारे चुकवून गाडी काढलेली. पण त्या दिवशी पेणहून, सासुरवाडीच्या मिठागरातली मिठाची गोणी स्कूटरवर घेऊन येताना माझ्या अंगात एवढी दया संचारली, की त्या गोणीवर मी कुणाचं तरी दुखणं बसवून रोह्याला घरी आणलं.

"आपण असलं काही मानत नाही," मी ठणकावलं.

"मग मी कुठं सोडून या म्हनतंय? पाय धरा तिचा."

बांबूच्या दोन कामट्या आणि बायकोच्या जुन्या साडीचा पिवळा काठ, एवढ्यावर आम्ही तो पाय बांधला. काठ मी इतका गुंडाळला, की दुखऱ्या पायापेक्षा चांगलाच पाय केविलवाणा दिसायला लागला. कोंबडी अंगणात डाल्याखाली राहिली. मुलगी शाळेतून आली की दप्तरासकट तिच्यापुढं बसायची आणि कण्या भरवायची. कोंबडी हळूहळू पाय टेकायला लागली.

धाटावला कंपनीच्या कँटीनमध्ये मी हे सगळं मीठमसाला लावून सांगितलं. अंधश्रद्धेवर थोडं भाषणही केलं. एक जण भजी खाता खाता म्हणाला, "भाऊ, कोंबडी ठीक हाय. पण तिच्यासंगं जे आलं, ते कुठं बसवलंत?" सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यात मोठ्यानं.

आणि मुलीला ताप आला.

डॉक्टरांनी घसा बघितला, औषध दिलं, उतरेल म्हणाले. मी मान डोलावली. पण मुलगी ग्लानीत "कोंबडीला कण्या घाला" म्हणाली आणि मी खिडकीतून अंगणातल्या डाल्याकडे बघितलं. ज्याच्यावरून ती ओवाळली, त्यालाही असाच ताप असेल का? मग तो बरा झाला असेल का? कँटीनमधलं भाषण कुठल्या कुठं गेलं.

दुपारी पोरीच्या उशाशी बसलेल्या बायकोला सांगितलं, "धाटावला एकाकडे कोंबड्या आहेत, त्याला देतो. इथं घाण होते, पोरगी आजारी आहे." तिनं पोरीच्या कपाळावरची पट्टी बदलली. कोंबडी पिशवीत घालून मी निघालो. धाटावच्या उलट्या दिशेला, निडीच्या रस्त्याला. तिठ्यावर पिशवी उलटी केली. मूठभर तांदूळही टाकले, म्हणजे माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून. स्कूटर सुरू केली तर आरशात ती दिसली. पिवळा पाय उडवत माझ्या मागून येत होती. तिला वाटलं असणार, मी विसरलो. मी गाडीचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. औषधानं उतरला, हे मला ठाऊक होतं. तरी मी मनातल्या मनात तिठ्याला हात जोडले, याची लाज त्या पळण्याहून जास्त वाटते.

संध्याकाळी मेव्हणा पेणहून भाचीला बघायला आला. त्याच्या काखेत ती होती. अंगावर चिखल, शेपटीची पिसं कुणी तरी उपटलेली, कामटी मोडलेली, पण डोळे टकटकीत.

"भावोजी, तुमची पेशंट तिठ्यावर फिरत होती. कुत्र्याच्या तोंडातून सोडवली. कोंबडीला ताईच्या साडीचा काठ बांधणारं घर रोह्यात दुसरं कुठलं असणार?"

मुलगी अंथरुणातून उठून धावली. "बाबा, धाटावच्या त्या माणसानं हाकलली हिला?"

मी मेव्हण्याला पाणी आणायला आत वळलो.  बायकोनं कोंबडी घेतली, चिखल पुसला, नवी कामटी तासली. मी आपणहून पाय धरायला गेलो, तर तिनं भावाला हाक मारली. मला बाजूला उभं राहावं लागलं.

भाऊ गेला, पोरगी झोपली, तेव्हा तिनं विचारलं, "सोडलीत तेव्हा मागं वळून बघितलंत?"

उतारा सोडल्यावर मागं बघायचं नसतं. "वळलो नाही," मी म्हणालो. "आरशात बघितलं."

"म्हंजे तुम्हाला धड मानता येत नाय, नि न मानताही येत नाय," ती म्हणाली. "उद्या पोरीला तुम्हीच सांगा, तो मानूस कोण ते."