बाल्साच्या विमानाला कुंकू

मी विमानं जमवतो असं म्हटलं, की शेलूबाजारात लोक आधी माझ्याकडे आणि मग बायकोकडे पाहतात. तिच्याकडे जरा कणवेनं. खरं तर माझी विमानं खोक्यातच असतात. घरी जोडून उडवायच्या छोट्या विमानांची, माझ्या जन्माआधीची जुनी किट, आत बाल्सा नावाच्या अगदी हलक्या लाकडाच्या पट्ट्या, तलम कागद, पंखा फिरवायचं रबर आणि घडी घातलेला आराखडा. कुणाकुणाच्या माळ्यांवरून, मोबाइलवर घासाघीस करून मिळवलेली. कुरिअरवाला खोकं हलवून विचारायचा, "काका, रिकामंच हाय का?"

आणि बांधली किती? एकही नाही. न फोडलेल्या खोक्याला मान जास्त, असं आम्हा जमवणाऱ्यांचं शास्त्र आहे. नोकरी संपली की बांधू, असं मी वीस वर्षं म्हणत राहिलो. नोकरी संपली आणि दुसऱ्याच महिन्यात चहा बशीत सांडायला लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे करायला लावले, थरथर पाहिली आणि म्हणाले, वाढत जाईल. इतका राग मला हयातीत कुणाचा आला नव्हता, आणि तो माझाच होता.

बायकोला काही सांगितलं नाही. घरी आल्या आल्या सगळ्यात आवडतं खोकं फोडलं. हात पुरते जायच्या आत एक तरी विमान उडालेलं पाहायचं होतं.

या जुन्या किटमध्ये पंखाच्या फासळ्या लाकडावर नुसत्या छापलेल्या असतात, कापायच्या आपण. पहिल्याच फासळीचा मी भुगा केला. बायको शेजारी तूर निवडत बसली होती. ती उठली आणि ब्लेड माझ्या हातातून काढून घेतलं.

"सरका तिकडं. लाकडाले कायले छळून राह्यले?"

शंकरपाळे कातावे तशा तिनं फासळ्या कातल्या. मग मी आराखडा वाचायचा आणि हुकूम सोडायचे. तिनं टाचण्या टोचायच्या, गम लावायचा आणि हुकमांकडे दुर्लक्ष करायचं. दोन महिन्यांनी विमान तयार झालं, जेमतेम एका लिंबाच्या वजनाचं.

सोयाबीन निघालेल्या आमच्या वावरात उडवायचं ठरलं. मी चपला घालून येतो तोवर तिनं अंगणात विमान पाटावर ठेवून पूजा उरकली होती. आमच्याकडे ट्रॅक्टर असो की फवारणीचा पंप, पूजेशिवाय जागचा हलत नाही. डाव्या पंखावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, शेपटीला लिंबू-मिरची. लिंबाच्या वजनाच्या विमानाला लिंबू! ते मी सोडवलं, पण ओला कागद वाळताना आक्रसून पंखाला पीळ बसला तो बसलाच.

"सत्यानाश केला तू!"

"नजर लागली असती त्याले," ती शांतपणे म्हणाली.

वावरात शेजारचा शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभा राहिला. त्याला हा फवारणीचा ड्रोन वाटला. "याची टाकी किती लिटरची हाय?" रबराला पीळ देताना बोटं अशी हलत होती, की पुढचा पंखा सारखा निसटून उलटा फिरायचा. बायकोनं विमान घेतलं, पीळ दिला आणि सोडलंही तिनंच.

ते सरळ गेलंच नाही. वाकड्या पंखानं डावीकडे वळलं आणि आमच्या डोक्यावर गोल गोल चढत राहिलं. शेजाऱ्यानं टोपी काढून मान वर केली. मी रडलो, लपवलंही नाही. मग रबराचा जोर संपला आणि ते उतरता उतरता धुऱ्यावरच्या बाभळीत शिरलं. पंखाचे तुकडे झाले.

"संपलं," मी म्हणालो. "आता माह्याच्यानं दुसरं होत नाही. माहे हात गेले." इतके दिवस लपवलेलं एकदाचं तोंडातून निघालं.

ती काट्यांतून कागद सोडवत होती. मागे न पाहता म्हणाली, "मले काय दिसत नव्हतं? अन् हे तरी कुठं तुमी बांधलं होतं?"