अंजिराचं पाणी

लढाईचे दिवस. शेवगावात रॉकेलची मारामार होती, पण माझ्याकडे शहाणपणाचा तुटवडा कधी पडला नाही. मी प्राथमिक शाळेत मास्तर; अर्ध्या तासात समजलेलं दीड तास सांगायचो.

पहिली मुलगी झाली आणि बायको पांढरीफटक पडली. उठली की डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरचं दूधही मुलीला पुरेना. पलीकडच्या गल्लीतले हकीमसाहेब नाडी बघून म्हणाले, अंगात रक्त उरलेलं नाही, असंच चाललं तर मायलेकी दोघींचंही कठीण आहे. सुक्या अंजिरांची माळ त्यांनी स्वतःच आणून दिली. दोन अंजीर रात्री भिजत घालायचे, सकाळी खायचे, वर ते पाणी प्यायचं. रक्त वाढतं, पोट साफ राहतं, ताकद येते.

मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? पण आमच्यात नवऱ्याच्या आधी बायकोनं तोंडात काही घालायचं नाही, अगदी औषधसुद्धा. त्यामुळे वाटी आधी माझ्यापुढे यायची. पहिल्या दिवशी रीत म्हणून मी अंजिराचा तुकडा मोडला. दुसऱ्या दिवशी अख्खा खाल्ला. काय गोड लागायचा म्हणून सांगू! मग माझ्यातला मास्तर जागा झाला. रात्रभर भिजल्यावर सगळं सत्त्व पाण्यात उतरतं, मागे नुसता चोथा उरतो, हे मी तिला चहाचा दाखला देऊन समजावलं. तिनं मान डोलावली. तेव्हापासून चोथा मी खायचा आणि सत्त्व तिनं प्यायचं. शिवाय शाळेत अंजिराच्या गुणांवर पाठ घेतला, तो वेगळाच.

पंधरा दिवसांनी हकीमसाहेब आले. माझे गाल वर आलेले, तिचे डोळे आणखी खोल गेलेले. त्यांनी दोनदा नाडी पाहिली आणि अंजीर खातेस ना, असं तिला विचारलं. तिनं लगेच हो म्हटलं.

"बिया टोचत न्हाईत ना दाताला, बेटी?"

"न्हाई चाचा. बिया काढून खाते की मी."

अंजिरात मोहरीहून बारीक शेकडो बिया असतात. त्या काढून खाणारं माणूस अजून जन्माला यायचंय. हकीमसाहेबांनी तिचा हात हळूच खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. ती निर्धास्तपणे पाळणा हलवायला लागली. मला स्वतःची शिसारी आली. पंधरा दिवस मी तिच्या तोंडचा घास खाल्ला होता, आणि ती माझीच अब्रू झाकत होती.