लकव्याच्या गोळ्यांचा सौदा

लकव्यावर पूड देणाऱ्या एका माणसाने मला फसवलं. मी बैलांचा व्यापारी. बाजारात मला कुणी फसवू शकलं नाही, म्हणून ते अजून झोंबतं.

बाप लोकांची गुरं राखायचा. मी लोकांचे बैल बाजारात हाकत नेले आणि पुढे स्वतःची दावण उभी केली, कुणाच्या उपकाराशिवाय. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबली की आकडा कळतो आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही. माझ्या उजव्या हाताची बोटं घोडेगावपासून काष्टीपर्यंतच्या बैलबाजारांत ओळखीची होती.

तोच हात एका सकाळी चहाच्या कपावरून घसरला. बायकोने माझं तोंड वाकडं झालेलं पाहिलं आणि तडक गाडीत घालून नगरला नेलं. जीव वाचला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, ब्लडप्रेशरची आणि रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यायची, व्यायाम रोज करायचा. हात मात्र ओल्या पोत्यासारखा लोंबत राहिला.

महिन्याभराने पूडवाला घरी आला. हाताला तेल चोळत म्हणाला, “शेठ, ह्या गोळ्या लई गरम. बंद करा. पूड घ्या, तीन आमुशात हात उपरण्याखाली जातोय का न्हाई बघा.”

“पुडीत काय हाय?” बायकोने विचारलं.

“गुरूची विद्या हाय, वैनी. सांगितली की गुण जातो.”

ती माझ्याकडे वळली. “बैल घेताना जबडा उघडून दात बघता, अन् हे तसंच गिळता व्हय?”

मी तिच्यावरच खेकसलो.

मग मी जे केलं, ते व्यापारीच करू जाणे. डॉक्टर म्हणत होते रोज, हा म्हणत होता अजिबात नको. दोघं दोन टोकांना अडले की सौदा मध्यावर ठरतो, हे माझ्या अंगात मुरलेलं. मी गोळ्या एक दिवसाआड केल्या आणि पूड चालू केली. दोघांनाही राजी केल्याचं समाधान वाटलं. रोगाला कुणी विचारलंच नव्हतं.

थोड्याच दिवसांत दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग एका दुपारी बायकोला पाणी मागायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. दुसरा झटका.

बायकोने सगळं सांगितल्यावर डॉक्टर चिडले. “गोळ्या चुकवल्या, ब्लडप्रेशर चढलं. पुडीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ती काय करेल, कोण सांगणार? हिरड्यांतलं रक्त त्यानेही आलं असेल. ब्लडप्रेशर घासाघीस करत नसतं.”

आयुष्यात पहिल्यांदा मी उलट बोललो नाही. बोलताच येत नव्हतं.

पूड उकिरड्यावर गेली, गोळ्या पुन्हा रोज सुरू झाल्या. वाचा हळूहळू आली. हाताचा व्यायाम करून घ्यायला दवाखान्यातली एक पोरगी यायची, जीभ माझ्यासारखीच तिखट.

“काका, चेंडू दाबा.”

“चेंडू लेकरं खेळत्यात.”

“मग तुम्ही काय दाबणार?”

मी टॉवेल मागवला आणि तिला बाजाराची बोटं शिकवली. रोज टॉवेलखाली मी आकडा दाबायचा, तिने ओळखायचा. “हे चार आहेत का नुसता दम?” म्हणून ती डिवचायची. मी रागाने आणखी जोर लावायचो. महिने गेले, पण एकेक बोट मी परत आणलं.

बायकोने डॉक्टरांना विचारून कोमट तेल लावलं, हलक्या हाताने, मानेला न दाबता. आखडलेला खांदा सैल व्हायचा, झोप लागायची. तेवढं श्रेय तेलाचं, मी नाकारत नाही.

यंदा घोडेगावच्या बाजारात माझा उजवा हात पुन्हा उपरण्याखाली गेला आणि समोरच्या पाव्हण्याला माझ्या आकड्यावर यावं लागलं. ताठ मानेने चहाला गेलो, तर तिथे पूडवाला बसलेला. शेजारी वाकड्या तोंडाचा एक म्हातारा. माझ्याकडे बोट करून हा त्याला सांगत होता, “ह्यो हात बघा. आपल्याच पुडीनं उठलाय. तुमीबी गोळ्या सोडा.”

मी म्हाताऱ्याच्या हातातली पुडी काढून घेतली आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, “माझी वाचा गेली तवा कुठं हुतास? ह्यांची गेली तर कोन जबाबदार? बोल, हितंच बोल!”