घळीपलीकडचं पाणी

लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा मी मोजणीच्या ऑफिसात ट्रेसर होते. जुन्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं रेघा ओढायच्या, हे माझं काम. टेबलंसुद्धा अजून यायची होती. शाळेकडून मागून आणलेल्या बाकांवर बसून आम्ही नव्या जिल्ह्याचे नकाशे काढायचो. काय दिवस होते ते!

पुढच्या उन्हाळ्यात दुष्काळ होता. पाहणीला मुंबईहून एक साहेब हेलिकॉप्टरनं आले. गावं दाखवायला आमचे सर्व्हेअर जाणार होते. ऐन वेळी ते म्हणाले, "मला जिन्यावरसुद्धा गरगरतं. नकाशा हिनं काढलाय, हिलाच न्या." मी नको म्हणायच्या आत कुणीतरी नकाशाची गुंडाळी माझ्या हातात दिली. पदर घट्ट खोचून मी चढले.

उदगीर मागं पडेपर्यंत खाली सगळं सपाट आणि करडं होतं. मग मुखेडच्या बाजूला पठार एकाएकी तुटलं. घळीच घळी. उभे काळे कडे, त्यांच्या पोटात तांबड्या मुरमाचे पट्टे, तळाशी आटलेल्या ओढ्याची पांढरी वाट. एका घळीतून दुसरी फुटलेली, नजर पोचेल तिथवर. नकाशावर ही कड मीच काढली होती. बोटं दुखायला लागली म्हणून चार बारीक रेघा मारून मोकळी झाले होते. तिथं एवढं मोठं काही असेल, हे मनातही आलं नव्हतं. भीती विसरून मी काचेला नाक लावलं.

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "या गावाला टँकर कशाला? झरा किलोमीटरभरावर तर आहे."

खाली बायकांची रांग डोक्यावर घागरी घेऊन झरा आणि गाव यांच्यामधला कडा चढत होती.

"साहेब, मधली घळ मी नीट काढली नाही. चूक माझी आहे. त्या बायका बघा!" मी ओरडूनच सांगितलं. पंख्याच्या आवाजात दुसरा इलाज नव्हता.

त्यांनी वाकून पाहिलं आणि वैमानिकाला अजून एक फेरी मारायची खूण केली. बायका थांबून वर बघत होत्या. एकीनं मोकळा हात हलवला. साहेबांनी वहीत गावाचं नाव लिहिलं. आठवड्यानं तिथं टँकर सुरू झाला. मी ती कड नव्यानं काढली. चार दिवस लागले.

हेलिकॉप्टरमधून उतरून घरी आले, त्या संध्याकाळी वडिलांनी मला दारातच गाठलं. "लई उंच होतं का? आपलं घर दिसलं?"

"न्हाई बाबा, आपल्याकडं गेलंच न्हाई."

ते जरा खट्टू झाले. पण पुढं कित्येक वर्षं पाहुणा आला की मला हाक मारायचे, "सांग गं, त्या घळीचं सांग." मी सुरुवात करायची आणि दोन वाक्यांत गोष्ट त्यांच्याकडं जायची. त्यांच्या सांगण्यात हेलिकॉप्टर आमच्या पत्र्यावरून दोनदा फिरायचं, आणि आतून आई म्हणायची, "अहो, पोरीला बोलू तर द्या!"