वाळूवरचं गार कासव

हिंदी मुलखातल्या दाना ओली या आमच्या मोहल्ल्यातल्या देवळात काल सभामंडपातल्या दगडी कासवाला अनवाणी पाय लागला, आणि तो गारठा मला कित्येक वर्षांमागच्या अमेरिकेतल्या किनाऱ्यावर घेऊन गेला.

मुलीकडे, नीलाकडे, गेलो होतो. भरतीनं वाळूवर टाकलेलं ताटाएवढं समुद्री कासव तिला दिसलं. "बाबा, गार पाण्यानं आखडलंय ते. त्याच्यावर कोरडं शेवाळ घाला, पण पाण्यात सोडू नका हं, बुडेल. मी बचाववाल्यांना फोन करून येते."

मी हात लावला. डोळे मिटलेले, श्वास कुठे दिसेना. मला ते गेलेलंच वाटलं. गेलेल्या जिवाला असं उघड्यावर कसं ठेवायचं? रामनाम घेत मी त्याला पाण्यात सोडलं. लाट परतताना त्याचा वल्ह्यासारखा पाय हलला. त्यानं हलवला की लाटेनं, मला अजून कळत नाही.

नीला धापा टाकत आली. "कहाँ गया, बाबा?"

"लाटेनं नेलं."

आज फोनवर तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं समजत होते, मीच यायला उशीर केला."